सूरजचं पवळं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनांना अक्कल पुरवतो. म्हणजे कंट्रोल पॅनेल बनवतो. पंप कधी सुरू व्हावा, भट्टी किती तापली की बंद पडावी, काय बिघडलं की भोंगा वाजावा, हे मी ठरवून देतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. आणि असा मी, घरातल्या दोन फुटी काचेच्या टाकीसाठी एक कंट्रोलर निवडू शकत नव्हतो. दिवाळीला बघायला सुरुवात केली ती होळी आली तरी बघतोच आहे. शेवटी रूपाली, माझी बायको, म्हणाली, "मला बघायला आलतासा तवा एका चहात व्हय म्हणालासा. आन् ह्या डब्याला येवढा इचार?"

"तू बिघडलीस तर कोण मरणार न्हवतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. मलाही हसायला आलं नाही, कारण टाकीत जे होतं ते मेलं तर मी निपाणीला तोंड दाखवू शकलो नसतो.

टाकीत समुद्राचं पाणी होतं, म्हणजे विकतचं समुद्री मीठ मोजून घालून केलेलं. त्यात मासे नव्हते. मुठीएवढ्या दगडावर एकच प्रवाळ होतं, हिरव्या बोटांचं. पाणी हललं की ती बोटं शेतातल्या पिकासारखी एका बाजूला झुकायची. ते सूरजचं होतं. सूरज निपाणीचा, चिकोडीला डिप्लोमाला माझ्यासोबत होता आणि नंतर उद्यमबागेत आम्ही एकाच खोलीत राहिलो. कोल्हापूरच्या एका छंदिष्टाकडून त्यानं नखाएवढा तुकडा आणला होता आणि तो वाढवला होता. मागच्या वर्षी हायवेवर त्याच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली आणि पुढं दवाखान्यात त्याचा जीव गेला. टाकी मी बेळगुंदीच्या पलीकडच्या आमच्या गावी घरी आणली. आणताना त्यातलं बाकी सगळं मेलं, एवढं एक तगलं. सूरजची आई जयाबाई अधूनमधून निपाणीहून दोन बस बदलून येते, टाकीसमोर पाट घेऊन बसते आणि चहा पिऊन परत जाते. आमच्या लोकांना पवळं म्हटलं की अंगठीतलं ठाऊक. जयाबाई त्याला पवळंच म्हणते. "पवळं कसं हाय?" असा तिचा फोन येतो. दुसरं काही विचारत नाही.

आता कंट्रोलरचं. बाजारात एक परदेशी होता. तापमान, पीएच, मिठाचं प्रमाण, सगळं तो स्वतः बघायचा, पंप आणि पंखे चालवायचा आणि फोनवर आकडे पाठवायचा. पण सगळं एकाच मेंदूवर. तो मेंदू बसला की सगळंच बसलं. दुसरा चिनी होता. आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, बघूनच मला घाम फुटला. असले रिले चिकटतात. चिकटला की हीटर बंदच होत नाही आणि पाण्याचं कालवण होतं. तिसरा मार्ग म्हणजे मी स्वतः पॅनेल बनवणं. लोकांच्या भट्ट्यांना मी बनवतो ते चालतं, पण सूरजच्या पवळ्याला माझ्या हाताचा भरवसा मलाच वाटेना. रोज कामावरून आलो की फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी वाचत बसायचो. एकाचा चांगला चालला, एकाचा सुट्टीत असताना बंद पडला. वाचून काही ठरायचं नाही.

निवड शेवटी गावानं करायला लावली. यंदा लक्ष्मीची यात्रा होती, कितीतरी वर्षांनी. यात्रेआधी आमच्याकडे वार पाळतात. मंगळवार-शुक्रवारी कुणी शेतात औत घालत नाही. आणि शेवटच्या मंगळवारी अख्खं गाव बाहेर काढतात. दिवस उगवायच्या आत चुली विझवायच्या, विजेचं मेन स्विच खाली करायचं, दाराला कडी घालायची आणि माणसं, गुरं, कोंबड्या, पिंजऱ्यातला पोपट असं सगळं घेऊन शिवाराबाहेरच्या आमराईत जायचं. वेशीवर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकतात. सूर्य मावळेपर्यंत आत कुणी जायचं नाही. त्या दिवशी गावात फक्त देवी फिरते.

म्हणजे दिवसभर वीज नाही, माणूस नाही, उन्हाळा ऐन भरात आणि दारं-खिडक्या बंद. मी परदेशी कंट्रोलर मागवला. सोबत एक मोठी बॅटरी घेतली. वीज गेली की मोठा पंप थांबेल, पाणी हलवणारा छोटा पंप आणि वरचा पंखा बॅटरीवर चालत राहील, राउटरही त्याच बॅटरीवर, असं बसवलं. हीटरसाठी वेगळा थर्मोस्टॅट लावला, रिले चिकटलाच तर. पंधरवडाभर रोज संध्याकाळी मेन पाडून चाचणी घेतली. रूपाली अंधारात भाकऱ्या थापायची आणि शिव्या द्यायची. यंत्र चोख होतं. तरी मला चैन पडेना. कारण गावात मी कुणाला सांगितलं नव्हतं की आमच्या घरात त्या दिवशी काहीतरी सुरू राहणार आहे.

जयाबाई आदल्या दिवशीच आली, यात्रेसाठी. मंगळवारी पहाटे मष्णूआप्पा घरोघर फिरत आले. वारांची जबाबदारी त्यांच्याकडे असते. त्यांनी आमचं मेन स्विच बघितलं, खाली होतं. टाकीखालच्या कपाटात बॅटरी घुमत होती, पण बाहेर गुरांच्या घुंगरांचा एवढा आवाज होता की ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. आप्पा पुढं गेले. मी कडी घातली. जयाबाई उंबऱ्याशी घुटमळली.

"ह्येला न्यायचं न्हाय?"

"काकू, त्येला मशीन हाय," मी म्हणालो.

तिनं कडीकडे एकदा बघितलं. पदर डोक्यावर घेऊन रूपालीबरोबर चालायला लागली.

आमराईत जत्राच भरली होती. झाडाला एक कुटुंब, तीन दगडांच्या चुली, आमटीचा वास, पोरांचा दंगा. बेळगावात नोकरी करणारेही सगळे रजा टाकून आले होते. मी मात्र बुंध्याला टेकून फोन बघत होतो. पाणी सव्वीस पूर्णांक आठ. पीएच बरा. मीठ बरं. दर थोड्या वेळानं बघायचो. सव्वीस पूर्णांक आठ. रूपालीनं चहा दिला, तो तसाच निवला. सव्वीस पूर्णांक आठ. मला बरं वाटायला लागलं. उन्हाचा एवढा तडाखा, बंद घर, तरी आकडा जागचा हलत नाही. पैसे वसूल, असं मी मनात म्हणालो.

आणि मग मी ताठ बसलो. आकडा जागचा हलत नाही? मी आयुष्यभर सेन्सर लावत आलोय. पाण्याचा आकडा कधी गप्प बसत नाही, दशांशानं का होईना, थरथरतो. जो थरथरत नाही तो जुना असतो.

मी इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सावकार, तुमच्या गावचा अख्खा ट्रान्सफॉर्मर सकाळी पाडायला लावलाय पंचांनी. खांबावरचा आमचा डबा बंद हाय. संध्याकाळशिवाय काय व्हत न्हाय." माझा राउटर जिवंत होता, पण त्याचं ऐकणारं पुढं कुणी नव्हतं. सकाळपासून मी शिळा आकडा बघून खुश होत होतो. भट्ट्यांना अक्कल पुरवणारा माणूस! माझीच मला लाज वाटली आणि राग आला, आधी स्वतःचा, मग पंचांचा, मग देवीचासुद्धा.

मी उठलो आणि सरळ वेशीकडे चालत सुटलो. बाभळीच्या फांदीजवळ मष्णूआप्पा आणि आणखी दोघं म्हातारे घोंगडं टाकून बसले होते.

"कुठं रं?"

"घराकडं. जरा काम हाय."

"आज कुणाला घरात काम नसतंय."

खोटं बोलायची माझी तयारी होती. औषध राहिलं, चावी राहिली, काहीही. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं, आणि तेही चढ्या आवाजात. टाकी, बॅटरी, पंप, पंखा, सगळं सांगितलं. बाकीचे दोघं ताडकन उठून उभे राहिले. एक म्हणाला, "म्हंजे घरात मशीन चालू ठिऊन आलास? वार मोडलास की रं!" दुसरा म्हणाला, यात्रेला काही बरंवाईट झालं तर कोण बघणार. आवाज ऐकून माणसं जमली. रूपाली आली, तिच्या मागून जयाबाई आली. रूपालीचा चेहरा लाल झाला होता. गावासमोर नवऱ्याची अशी शोभा कुणाला आवडेल?

मष्णूआप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "त्या मशीनीचं ऱ्हाऊ दे. टाकीत काय हाय?"

"पवळं."

"अंगठीतलं?"

"न्हवं. समुद्रातलं. वाढणारं."

"दगड हाय का जित्राब?"

मी चिडून म्हणालो, "जित्राब, आप्पा. त्येला तोंड हाय, त्ये खातंय, वाढतंय. म्हणून तर येवढं सगळं केलं!"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, कोड्यात पडल्यासारखे. "आन् जित्राब हाय म्हणतोस, मग मागं कसं ठेवलास? आम्ही कोंबडीची अंडी उबवत बसलेली खुराड्यासकट आणली. शेळी व्यायला झालेली, ती बैलगाडीतनं आणली. आज गावात जिवंत काय ठेवायचं न्हाय, येवढं तुला ठावं न्हवतं व्हय?"

ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. एका वर्षी मीच मांजराची पिल्लं पिशवीत घालून आणली होती. पण टाकी सोबत नेता येईल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा महिने मी एकाच गोष्टीचा विचार केला होता, की ते मागं ठेवून कसं जायचं.

"आप्पा, त्ये हलवलं तर मरंल," मी म्हणालो. "मशीन सगळं बघतंय. मला नुसतं डोळ्यांनी बघून येऊ दे. बाकी काय नको."

"बघून यायला न्हाय सोडत. जित्राब मागं ऱ्हायलं असंल तर काढून आणायला सोडतो. त्येवढा नेम हाय."

मी जयाबाईकडे वळलो. पवळं तिचं होतं, तिनं नको म्हटलं असतं तर आप्पांनी ऐकलं असतं. "काकू, तुमी सांगा ह्यांस्नी. यंत्र चांगलं हाय. सकाळी आकडा बरोबर हुता. हलवलं तर धोका हाय."

जयाबाईनं हात पुढं केला. मी फोन दिला. तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी तिनं तो डोळ्यांजवळ धरला.

"बरोबरच असंल," ती म्हणाली. "त्या दिवशीबी बरोबर हुता. दवाखान्यात काचंच्या भाईर मला बसवलं. त्या टीव्हीवर आकडा दिसतोय, आज्जी, बघा, बरोबर हाय, तुमी आत येऊन काय करणार, म्हणाली तिथली नर्स पोरगी. चांगली हुती पोरगी, नेमच तसा हुता त्यांचा. मी आकडा बघत बसले. आकडा बरोबर असतानाच सूरज गेला. आत त्येच्याजवळ मानूस न्हवतं."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"एकटं हाय त्ये. आण जा."

मी चपला काढल्या. आप्पांनी काठीनं फांदी बाजूला केली. "दिवा लावू नगंस. घिऊन सरळ भाईर ये."

मोकळं गाव मी कधी बघितलं नव्हतं. कुत्रंसुद्धा नाही. तापलेल्या मातीनं तळवे पोळत होते आणि मी जवळजवळ पळत होतो. वाटेत मनात एकच चित्र, पंप थांबलाय, पाणी थिजलंय, बोटं गळून तळाला पडलीत. कडी काढली. आत धावलो.

सगळं ठीक होतं.

छोटा पंप चालू होता. पंखा फिरत होता. कंट्रोलरच्या काचेवर हिरवा आकडा दिसत होता, सत्तावीस पूर्णांक एक, मग शून्य, मग पुन्हा एक. थरथरत होता. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली. पवळं पूर्ण फुललं होतं, हिरवी बोटं एका लयीत झुकत होती. मी निवडलेलं यंत्र मी सांगितलं होतं ते सगळं, अगदी तसंच करत होतं. मला एवढं हायसं वाटलं की मी जमिनीवर बसलोच.

बसल्या बसल्या मला दोन वाटा दिसत होत्या. एक सोपी होती. कडी लावायची, परत जायचं आणि सांगायचं, सगळं बरं आहे. माझ्या धंद्यातला कुणीही हेच म्हणाला असता. उन्हातून बादलीत घालून नेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मी माझ्या हाताखालच्या माणसाला असं करताना पकडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणालो असतो. बरं आहे, हा निरोप खराही होता. पण तोच निरोप जयाबाईला एकदा मिळून चुकला होता. आज तिनं मला ते कसं आहे हे विचारलंच नव्हतं, एकटं आहे एवढंच म्हणाली होती.

मी समुद्री मिठाची रिकामी पांढरी बादली घेतली, टाकीतलंच पाणी तिच्यात भरलं आणि दगड उचलला. हात लागताक्षणी बोटं आत ओढली गेली. हातात नुसता फांद्याफांद्यांचा दगड राहिला. मागाहून शेवाळ खायला आणून सोडलेल्या दोन गोगलगायी काचेला चिकटल्या होत्या, त्याही घेतल्या. नेम म्हणजे नेम. मग पंप, पंखा, कंट्रोलर सगळं बंद केलं. तो हिरवा आकडा विझला तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

वेशीबाहेर गर्दी वाट बघत होती. कुणीतरी बादलीत डोकावून म्हणालं, "ह्यो तर दगडच की!" मष्णूआप्पांनी त्याला दटावलं. आप्पांची सून तांब्याची घागर घेऊन पुढं आली, प्लास्टिकच्या बादलीपेक्षा तांबं पवित्र म्हणून. मी असा ओरडलो की ती दचकून मागं सरली. तांब्यानं प्रवाळ मरतं हे तिला कुठून माहीत असणार? मग रूपालीनंच ओलं गोणपाट आणून बादलीला गुंडाळलं, सावली बघून जागा केली, आणि मला म्हणाली, "आता बसा गप."

"पाणी हलतं ठेवायला पायजे," मी म्हणालो. "वाटीनं वर काढायचं आन् हळू सोडायचं. थांबायचं न्हाय."

जयाबाईनं पदर खोचला. वाटी घेतली. एक वाटी वर, हळूच खाली. पुन्हा वर. मी दोनदा तिच्या हातातून घ्यायला गेलो, तिनं दिली नाही. जेवणं झाली. रूपालीनं तिला घास भरवला, तेव्हाही दुसरा हात चालूच होता. ऊन सरकलं की आम्ही दोघं बादली उचलून सावलीत सरकवायचो. बायका येऊन बघून जायच्या, एकदोघींनी लांबूनच हात जोडले. मष्णूआप्पा गोणपाटावर शिंपडायला विहिरीचं पाणी आणून ठेवत होते. मी सारखा उठत होतो, बसत होतो, बादलीत बोट घालून पाणी किती तापलंय ते बघत होतो. पवळं दिवसभर उघडलं नाही.

नंतर त्याची एक फांदी पांढरी पडली. घरात ठेवलं असतं तर पडली नसती, हे मला आजही पक्कं माहीत आहे, आणि बाकीच्या फांद्या टाकीत गेल्यावर दोन दिवसांनी फुलल्या हेही सांगून टाकतो. पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सूर्य डोंगराआड गेला. वेशीवरची फांदी उचलली गेली. ढोल वाजला, गुरं पुढं, माणसं मागं, असं सगळं गाव घराकडे निघालं. मी बादलीच्या कडीला हात घातला.

"चला काकू. द्या आता. टाकीत सोडूया."

"थांब जरा. धूळ उडतीया, सगळी जाऊ देत," ती म्हणाली. वाटी चालूच होती. तिच्या मनगटावर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला आत सोडलं असतं तर मी काय करणार हुते? काय येत न्हाय मला. जगला असता, असं न्हाय म्हणत मी, सौरव. नुसती अशी बसले असते."

मी कडी सोडली आणि बादलीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसलो. तिनं वाटी माझ्या हातात दिली.